मजकूर नगरपरिषदेचा

फेब्रुवारीच्या अठ्ठावीसला, भर दुपारी,
रेकॉर्ड रूमचा पंखा बंद करून
(आवाजात घरघर येते म्हणून)
टेंगसे लेखापालांच्या मोबाईलवर मी बोलले:
सेलू शहरातील तमाम मालमत्ताधारकांना
कळविण्यात येते की.
चारदा बोलले. तिसऱ्यांदा मधेच खोकला आला,
चौथ्यांदा खिडकीबाहेर एक बाई
जन्माच्या दाखल्यासाठी भांडायली होती.
राहू द्या, टेंगसे म्हणाले, चालतंय.

माझा गळा गोड आहे म्हणून नाही मला निवडलं.
कंत्राटी लोकांत 'श' आणि 'ष'
एकट्या मला वेगळे येतात.

मजकूर मीच लिहिलेला, डिसेंबरात.
त्यात 'इशारा' होता. साहेबांनी तो खोडला,
हिरव्या पेनानं वर 'नम्र आवाहन' लिहिलं.
'नळ तोडण्यात येईल'चं झालं
'नळजोडणीबाबत फेरविचार होऊ शकतो'.
पंधरा दिवसांत जमा एकवीस हजार.
मग 'नम्र' गेलं.
संक्रांतीनंतर 'आवाहन'ही गेलं,
आणि माझा पहिलाच कागद परत आला टेबलावर
हिरव्या सहीचा, साहेबांचा म्हणून.
खाली एक ओळ नवी:
थकलेल्यांची नावे वॉर्डनिहाय वाचावीत.

थकलेल्यांची.
मी विचारलं, बाकी थकलेल्यांची ना?
टेंगसे हसले नाहीत. त्यांना साखर आहे,
आणि मार्च जवळ आलेला.

अंदाजपत्रकाची बातमीही मीच टाईप केली.
शिलकी. शिल्लक रुपये अकरा हजार चारशे सहा.
ताठेबाई, टेंगसे म्हणाले, शिल्लक आधी ठरते,
मग वरचे आकडे तिच्याकडं चालत येतात.
शासनाकडून अपेक्षित. गाळेभाड्यातून अपेक्षित.
जाहिरात फलकांतून अपेक्षित.
गावातले सगळे फलक वाढदिवसाचे,
त्यांचं भाडं कोण मागणार?
'अपेक्षित' मी सदतीस वेळा टाईप केलं.
दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा:
करवाढ नसलेला, सर्वांना सोबत घेणारा अर्थसंकल्प.
त्या पेपराचं जाहिरातीचं बिल
दोन वर्षांपासून आमच्याच कपाटात आहे.

आता जब्बारची रिक्षा फिरते.
भोंगा टपावर, मी भोंग्यात.
मॅडम, तो म्हणतो, तुमी पुकारायल्या, मी फिरायलो,
आपल्या दोघांचं कवा व्हायचं?
माझं मानधन ऑक्टोबरपासून,
त्याचं डिझेल दिवाळीपासून.
आम्ही दोघंही त्या यादीत नाही.
ती यादी वेगळी असते, ती कुणी वाचत नाही.

रविवारी आमच्या गल्लीत आली.
नळाचा नववा दिवस होता, म्हणून सगळ्या बाया दारातच,
टाक्यांची झाकणं उघडून.
सासरे ओट्यावर, कानामागं हात धरून.
पोरं माझ्या मागं मागं म्हणायली: कळविण्यात येते की!
मी आत गेले. पीठ मळायला घेतलं.
बासष्ट नावं झाली.
त्रेसष्टावं मला पाठ होतं, खोकला तिथंच आला होता:
शेषेराव मुंजाजी ताठे, वॉर्ड सहा,
नऊ हजार दोनशे चाळीस, अधिक शास्ती.

गल्ली गप्प झाली. सासूनं दार लोटलं.
सासरे आत आले, टोपी काढली, परत घातली.
म्हणाले, नीट घेतलंस गं नाव.
शाळेचे मास्तर गेल्यापासून
कुणी शेषेराव म्हणलंच नाही. सगळे सेसराव.
आणि माळ्यावरून पिशवी काढून
नालीपट्टीच्या जुन्या पावत्या मांडायला बसले,
आमच्या गल्लीत नाली नाही, त्या सालापासूनच्या.

रिक्षा वळली मारुतीच्या पाराकडं.
नावं संपली, मुदत संपली, 'आदेशावरून'ही झालं.
मग ती दोन सेकंदांची जागा,
जिथं मी गप्प आहे आणि मोबाईल चालू आहे,
आणि खिडकीबाहेरची ती बाई
अख्ख्या सेलूला, भोंग्यातून, विचारतेय:
लेकरू झालंय का न्हाई मला,
एवढं तरी सांगा.